उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

मध्य रेल्वेच्या मार्गावर कल्याण सोडून गाडी कर्जतच्या बाजूला वळली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके लागतात. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे. या गावांतील असंख्य माणसे रोज सकाळी लोकल पकडून कामाला जातात आणि रात्री परततात. घरी मोटारगाडी असली तरी ती आठवडाभर इमारतीखाली उभीच असते. बाहेर निघते ती रविवारी. उभ्या गाडीला खर्च नाही, असे आपण समजतो. पेट्रोलच्या बाबतीत ते खरे आहे, विजेच्या बाबतीत मात्र नेहमीच खरे नसते.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण असे प्रसंग पुष्कळांच्या अनुभवाचे आहेत. बदलापुरातील एका कुटुंबाने दिवाळीच्या आधी आपल्या गाडीत गाण्यांसाठी नवा विवर्धक, म्हणजे अँप्लिफायर, बसवून घेतला. डिकीत एक मोठा कर्णाही बसला. आवाज उत्तम येऊ लागला. पण पुढच्याच आठवड्यात गाडी सुरू होईना. बॅटरी तीन वर्षांची होती, तेव्हा ती म्हातारी झाली असे म्हणून नवी घेतली. रविवारी सगळे फिरून आले. मंगळवारी रात्री आजीला एकाएकी दम लागला. तिला दवाखान्यात न्यायला वडील धावत खाली गेले, किल्ली फिरवली, तर इंजिनातून नुसते ‘कट् कट् कट्’! नवी बॅटरीही उतरली होती. शेजाऱ्यांच्या रिक्षामुळे वेळ निभावली, आजी बरी झाली. पण ज्या वेळेसाठी गाडी घरात ठेवायची, नेमक्या त्याच वेळी ती उपयोगी पडली नाही, ही गोष्ट सर्वांच्या मनाला लागली.

आता दोष कोणाचा? नव्या बॅटरीचा? विवर्धकाचा? की आणखी कशाचा? याचे उत्तर तर्काने नव्हे, मोजून मिळते. ते कसे, ते पाहू.

बॅटरीत काय साठते?

मोटारीची बॅटरी ही शिसे आणि अम्ल यांची असते. १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने असा पहिला घट तयार केला. तो पुन्हापुन्हा विद्युत् भारित करता येत असे. एका घटाचा विद्युत् दाब सुमारे २ व्होल्ट असतो. असे सहा घट एकापुढे एक जोडले की १२ व्होल्टची बॅटरी होते. पूर्ण भारित बॅटरी काही तास नुसती ठेवून मोजली, तर तिचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास भरतो.

प्रत्येक घटात दोन प्रकारच्या पट्टिका असतात. ऋण पट्टिकेवर सच्छिद्र शिसे असते, धन पट्टिकेवर शिशाचे डायऑक्साइड असते आणि दोन्ही सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. बॅटरी वीज देऊ लागली की दोन्ही पट्टिकांवर शिशाचे सल्फेट तयार होते, अम्ल खर्ची पडते आणि पाणी तयार होते. बॅटरीला बाहेरून वीज दिली की हीच क्रिया उलट घडते. म्हणून बॅटरी ही विजेची टाकी आहे असे आपण म्हणतो, तरी तिच्यात वीज पाण्यासारखी भरून ठेवलेली नसते. रासायनिक ऊर्जा साठलेली असते, आणि लागेल तेव्हा तिची वीज होते.

तरीही टाकीची उपमा हिशेबाला सोयीची आहे. बॅटरीची धारणशक्ती अँपिअर-तासांत मोजतात. एका लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे असे धरू. ती ढोबळमानाने १ अँपिअर प्रवाह ३५ तास, किंवा अर्धा अँपिअर प्रवाह ७० तास देऊ शकेल. प्रवाह आणि वेळ यांचा गुणाकार केला की किती वीज गेली ते कळते.

आपल्या घरची पाण्याची टाकी आठवा. नळातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर त्याकडे कोणी पाहत नाही. पण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ४ लिटरहून अधिक पाणी वाहून जाते. गळती लहान असते, पण ती थांबत नाही. बॅटरीचेही तसेच आहे.

१०० वेळा सुरू केलेली गाडी

येथे एक शंका मनात येईल. गाडी सुरू करताना स्टार्टर मोटर १५० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त प्रवाह ओढते. एवढ्या प्रचंड प्रवाहाने बॅटरी संपत नाही आणि एखाद्या अँपिअरने ती संपते, हे कसे?

गणित करून पाहू. स्टार्टर २ सेकंद चालला असे धरा. १५० अँपिअर गुणिले २ सेकंद म्हणजे ३०० अँपिअर-सेकंद. एका तासात ३,६०० सेकंद असतात, म्हणून ३०० भागिले ३,६०० केल्यावर उत्तर येते ०.०८३ अँपिअर-तास. म्हणजे अँपिअर-तासाचा केवळ बारावा भाग! एकदा इंजिन चालू झाले की आल्टरनेटर एवढी वीज थोड्याच मिनिटांत भरून काढतो.

आता समजा, उभ्या गाडीत कोठेतरी ०.८४ अँपिअरची गळती आहे. ही गळती केवळ ६ मिनिटांत तेवढीच वीज खाते, जेवढी एकदा गाडी सुरू करायला लागते. म्हणजे दहा तासांच्या एका रात्रीत गाडी १०० वेळा सुरू केल्याइतकी वीज जाते. दिवसाचे २४ तास धरले तर सुमारे २० अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवससुद्धा टिकणार नाही. रविवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी मंगळवारी रात्री का चालू झाली नाही, याचा उलगडा या हिशेबात आहे.

आणि ते ‘कट् कट्’ कशाचे? स्टार्टरला प्रवाह देण्यासाठी एक विद्युत् चुंबक जाड स्पर्शक जुळवतो. उतरलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. स्पर्शक जुळताच मोठा प्रवाह वाहू लागतो, त्याबरोबर बॅटरीचा दाब एकदम घसरतो, चुंबक दुबळा होऊन स्पर्शक सुटतात. ते सुटले की प्रवाह थांबतो, दाब पुन्हा चढतो आणि चुंबक पुन्हा ओढतो. हे सारखे चालू राहते. हा आवाज आला की बॅटरी उतरली असावी, असा पहिला संशय घ्यावा. मात्र बॅटरीच्या अग्रावरची पकड सैल असली तरी असाच आवाज येतो, म्हणून ती आधी हलवून पाहावी.

विवर्धकाला एवढी वीज का लागते?

कर्ण्याचा रोध सर्वसाधारणपणे ४ ओहम असतो. मोटारीचा दाब १२ व्होल्ट. एवढ्या दाबावर ४ ओहमच्या कर्ण्याला फार तर १८ वॅट शक्ती देता येते. १०० वॅट हवी असेल, तर दाबाचे शिखर २८ व्होल्टपर्यंत जायला हवे. मग १२ व्होल्टमधून २८ व्होल्ट आणायचे कोठून?

ही अडचण नवी नाही. १९३० च्या सुमारास अमेरिकेत मोटारींत रेडिओ बसू लागले, तेव्हा त्यांतील निर्वात नलिकांना बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त दाब लागत असे. त्या काळी एक कंप पावणारी पट्टी प्रवाह सारखा जोडी-तोडी आणि तो तुटक प्रवाह रोहित्रात सोडून दाब वाढवीत. रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बदलत्या प्रवाहावरच चालते, म्हणून ही युक्ती. आजच्या विवर्धकात हेच काम ट्रँझिस्टर करतात. ते सेकंदाला हजारो वेळा प्रवाह जोडतात आणि तोडतात. मग छोट्याशा रोहित्रातून हवा तेवढा दाब मिळतो.

पण दाब वाढला म्हणून ऊर्जा काही फुकट मिळत नाही. कर्ण्याला १०० वॅट पोहोचवायचे आणि विवर्धकाची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर बॅटरीकडून सुमारे १६७ वॅट घ्यावे लागतील. १६७ भागिले १२ म्हणजे जवळजवळ १४ अँपिअर! एवढा प्रवाह किल्लीच्या नाजूक खटक्यातून नेला तर खटका जळेल. म्हणून विवर्धकाची जाड लाल तार फ्यूजमधून सरळ बॅटरीला जोडतात. जाड काळी तार गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली असते. याचा अर्थ असा की गाडी बंद असली तरी विवर्धक बॅटरीपाशी जोडलेलाच राहतो.

मग तो बंद कसा होतो? त्यासाठी तिसरी एक बारीक तार असते. तिला ‘रिमोट’ची तार म्हणतात आणि ती बहुधा निळी असते. या तारेवर १२ व्होल्ट आले की विवर्धक जागा होतो. शून्य झाले की झोपतो. मालकाने हाक मारली की उठायचे, नाहीतर पडून राहायचे, असा हा प्रकार आहे. झोपलेला विवर्धक अगदी थोडे मिलिअँपिअर घेतो. जागा झालेला विवर्धक मात्र एकही सूर वाजत नसताना अर्धा ते एक-दीड अँपिअर घेऊ शकतो.

गाणे वाजत नाही, मग वीज कशाला? कारणे दोन. दाब वाढवणारे ट्रँझिस्टर अखंड काम करीत असतात, हे एक. दुसरे कारण असे: ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रँझिस्टर आणि खालचा अर्धा भाग दुसरा ट्रँझिस्टर सांभाळतो. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना आवाज खरखरू नये म्हणून दोघांनाही नेहमी थोडे चालू ठेवावे लागते. या प्रवाहाचीच उष्णता होते. ०.८ अँपिअर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे सुमारे १० वॅट. घरातला एक एलईडी दिवा रात्रंदिवस जळत ठेवावा, तसेच हे झाले.

मामांची तपासणी

आपल्या उदाहरणातील मुलगी नववीत शिकते. तिचे मामा अंबरनाथला एका कारखान्यात विजेचे काम करतात. त्यांनी आधी फोनवरूनच सांगितले, “बॅटरी काढून शनिवारी पूर्ण चार्ज करून आणा. उतरलेल्या बॅटरीवर तपासणी करण्यात अर्थ नाही.” रविवारी सकाळी ते मल्टिमीटर घेऊन आले.

प्रथम त्यांनी बॅटरीचा दाब मोजला. तो १२.६ व्होल्ट भरला. बॅटरी जोडून गाडी सुरू केली आणि पुन्हा मोजले. आता मीटर १४.१ व्होल्ट दाखवू लागला. “इंजिन चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट मिळाले म्हणजे आल्टरनेटर बॅटरी भरतो आहे. तो संशयित सुटला,” मामा म्हणाले.

मग इंजिन बंद करून किल्ली काढून घेतली. बॅटरीच्या ऋण अग्रावरील तार सोडवली आणि ते अग्र व ती तार यांच्यामध्ये मीटर जोडला. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या छिद्रात होती.

“मामा, दाब मोजताना मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावला होता. आता असा मध्येच का लावला?” मुलीने विचारले.

“अगं, प्रवाह मोजायचा तर तो मीटरमधूनच वाहायला हवा ना! नळातून किती पाणी जाते हे पाहायला मीटर नळाच्या वाटेतच बसवतात. आणि लक्षात ठेव, मीटर असा जोडलेला असताना कोणीही किल्ली फिरवायची नाही. स्टार्टरचा प्रवाह त्यातून गेला तर मीटर जळेल.”

दारे बंद करून सर्वांनी अर्धा तास वाट पाहिली, कारण आजकालच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा किल्ली काढल्यावर लगेच झोपत नाही. अर्ध्या तासाने मीटरवर आकडा होता ०.८४ अँपिअर. घड्याळ, कुलपाची यंत्रणा, रेडिओची स्मृती यांसाठी थोडा प्रवाह लागतोच. पण तो २० ते ५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ ते ०.०५ अँपिअर असावा. येथे तो कितीतरी पट अधिक होता. गळती आहे, हे सिद्ध झाले.

आता ती कोठे आहे? मामांनी एकेक फ्यूज काढायला आणि लगेच परत बसवायला सुरुवात केली. आतल्या दिव्यांचा काढला, आकडा तोच. भोंग्याचा काढला, आकडा तोच. मग बॅटरीजवळचा, विवर्धकाच्या जाड तारेवरचा फ्यूज काढला. आकडा झटकन ०.०४ वर आला!

“म्हणजे विवर्धक बिघडलेला आहे!” मुलगी म्हणाली.

“थांब, घाई नको. प्रवाह विवर्धकात जातो एवढेच आपल्याला कळले. तो बिघडला म्हणून जातो, की त्याला कोणी झोपूच देत नाही म्हणून?”

फ्यूज परत बसवून त्यांनी डिकीतला गालिचा उचलला. विवर्धकावरचा एक छोटासा दिवा लुकलुकत होता आणि धातूचे कवच हाताला कोमट लागत होते. ही खूण इतके दिवस गालिच्याखाली कोणाला दिसली नव्हती. त्यांनी निळ्या तारेवरचा दाब मोजला. किल्ली खिशात असताना तेथे शून्य हवे होते, मीटर दाखवीत होता १२.४ व्होल्ट. निळी तार सोडवताच दिवा विझला आणि प्रवाह ०.०४ झाला. तार सोडवूनही प्रवाह चालूच राहिला असता, तर दोष विवर्धकाच्या पोटात आहे असे ठरले असते. तो निर्दोष ठरला. चूक होती त्याला उठवणाऱ्या तारेत.

तारेचा माग काढीत दोघे रेडिओच्या मागे पोहोचले. गाडीच्या मूळ रेडिओला विवर्धकासाठी निळ्या तारेची सोयच नव्हती. बसवणाऱ्याने जवळची वीज असलेली तार पाहून तिला निळी तार जोडली होती. ती होती पिवळी. बाजारात मिळणाऱ्या रेडिओंच्या जोडणीत सामान्यतः पिवळ्या तारेवर कायम वीज असते, कारण रेडिओने घड्याळ आणि केंद्रे लक्षात ठेवायची असतात. लाल तारेवर किल्ली फिरवल्यावरच वीज येते. पण सर्व गाड्यांत रंग असेच असतील याचा नेम नाही. म्हणून रंगावर विसंबू नये, किल्ली काढून आणि किल्ली लावून अशा दोन्ही वेळा मोजावे.

मामांनी निळी तार एका लहान फ्यूजमधून किल्लीवर चालणाऱ्या तारेला जोडली आणि पुन्हा मोजले. किल्ली काढली की शून्य, लावली की १२ व्होल्ट. उभ्या गाडीचा प्रवाह आता ०.०४ अँपिअर. दिवसाला सुमारे १ अँपिअर-तास. या हिशेबाने निम्मी बॅटरी खर्च व्हायला १७ दिवस लागतील. आठवडाभर गाडी निर्धास्त उभी राहू शकेल.

आणखी काही संशयित

प्रत्येक वेळी उत्तर हेच असेल असे नाही. उल्हासनगर-अंबरनाथच्या स्थानकांबाहेर रांगेत उभ्या असलेल्या रिक्षांचा विचार करा. इंजिन बंद आणि गाणी चालू असतील तर विवर्धक जागा आहे तो मालकाच्या इच्छेनेच. सरासरी ४ अँपिअर प्रवाहाने तीन तास गाणी वाजली की १२ अँपिअर-तास गेले. रिक्षाची बॅटरी लहान असते. तेथे तारेत दोष शोधून काही मिळणार नाही. उपाय एकच, इंजिन बंद तर गाणे बंद. ज्याचे पोट सकाळच्या पहिल्या भाड्यावर आहे त्याने हा हिशेब अवश्य करावा.

दुसरा संशयित पाणी. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या दिवशी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर परिसरात हाहाकार उडवला. २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली होती, हे अनेकांना आठवत असेल. विवर्धक डिकीत किंवा आसनाखाली बसवतात, म्हणून गाडीत पाणी शिरले की तो आधी भिजतो. पाणी वाळते, पण गाळ आणि क्षार मंडलाच्या पाटीवर राहतात. दमट हवेत ते ओलसर होऊन वीजवाहक बनतात. अशा वेळी निळी तार सोडवूनही गळती चालू राहू शकते.

तिसरे कारण म्हणजे छोटे प्रवास. बदलापूर ते अंबरनाथ या धावेत आल्टरनेटर बॅटरीला सरासरी १० अँपिअर देतो असे धरले, तरी अर्ध्या तासात ५ अँपिअर-तासच परत मिळतात. दोन दिवसांत गेलेले ३५ कसे भरून येणार? डिकीतला न विझणारा दिवा किंवा आल्टरनेटरमधील खराब डायोड हेही गळतीला कारण होतात. फ्यूज काढण्याच्या रीतीने बहुतेकांचा पत्ता लागतो. डायोडसाठी मात्र आल्टरनेटरची तार सोडवून पाहावी लागते.

आणि शेवटी खुद्द बॅटरी. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की पट्टिकांवरील सल्फेटचे बारीक कण मोठे व कठीण होतात आणि भारण करतानाही पूर्वस्थितीला येत नाहीत. म्हणून गळतीने चार-सहा वेळा पूर्ण उतरलेली चांगली बॅटरीही कायमची अधू होते. मग ‘बॅटरीच खराब होती’ हे म्हणणे खरेही ठरते, पण तो रोग नव्हे, रोगाचा परिणाम. त्या कुटुंबाने टाकलेली तीन वर्षांची बॅटरी कदाचित निर्दोष असेल. तिच्यातले शिसे विषारी असते. म्हणून जुनी बॅटरी भंगारात फोडू न देता विक्रेत्याकडेच परत द्यावी. भारतात यासाठी २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम आहेत.

सावधगिरी

बॅटरीचे काम मोठ्या माणसांसोबतच करावे. भारण होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून जवळ ठिणगी किंवा ज्योत नको. हातातील अंगठी, बांगडी, कडे काढून ठेवावे. तार सोडवताना आधी ऋण अग्राची सोडवावी आणि जोडताना तीच शेवटी जोडावी. गाडीचा सांगाडा ऋण अग्राला जोडलेला असतो. धन अग्रावर काम करताना पाना सांगाड्याला टेकला, तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. पण ऋण तार आधीच सुटलेली असेल तर मंडल पूर्ण होत नाही. याच कारणाने विवर्धकाच्या लाल तारेवरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो नसेल आणि पत्र्याला घासून तार उघडी पडली, तर गाडी पेटू शकते.

करून पाहा

मोटारीशिवायही हा धडा शिकता येतो. दीड व्होल्टचे तीन साधे कोरडे घट एकापुढे एक जोडा. त्यांना एक लाल एलईडी आणि ३३० ओहमचा रोधक एकसरीत जोडून मल्टिमीटरने प्रवाह मोजा. तो ७ ते ८ मिलिअँपिअर भरावा. घटाची धारणशक्ती अंदाजे १ अँपिअर-तास धरली, तर दिवा किती तास जळेल याचे गणित आधी वहीत मांडा. उत्तर सुमारे १३० तास, म्हणजे साडेपाच दिवसांच्या आसपास येईल. मग दिवा जळत ठेवून रोज ठरावीक वेळी दाब मोजा आणि आलेख काढा. दाब सारख्या वेगाने उतरतो का? प्रवाह तेवढाच राहतो का? तुमचे गणित आणि प्रत्यक्ष अनुभव यांत फरक का पडला, याची चर्चा शिक्षकांबरोबर करा.

आणि हा एक प्रश्न. एका गाडीची बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे. किल्ली काढल्यावर मीटर ०.३ अँपिअर दाखवतो. निम्मी बॅटरी उरेपर्यंत ही गाडी किती दिवस उभी ठेवता येईल? उत्तर काढले की आपल्या घरच्या गाडीसाठीही तोच हिशेब मोठ्यांना करून दाखवा. बॅटरी बदलण्याआधी मीटर लावण्याची सवय घराला लागली, तर पैसे वाचतीलच. शिवाय अडीअडचणीच्या रात्री किल्ली फिरवताच गाडी सुरू होईल.